हांडे सरांचं आकाश आणि फुप्पीचा पाव

भीती वाटली की मला हसू येतं. हा आजार मला लहानपणापासून आहे आणि पन्नाशी आली तरी गेलेला नाही. शाळेत छड्या खायची वेळ आली की मी हसायचे, म्हणून दोन जास्तीच्या बसायच्या. शेजारच्या मय्यतीत हसू आवरेना, तेव्हा अम्मीनं दंडाला असा चिमटा काढला होता की आठवडाभर निळं होतं. आजारपणात घरच्यांना डॉक्टर आठवतो, माझ्या हसण्यात त्यांना फुप्पी आठवायची, कारण तिलाही तेच व्हायचं. आम्ही दोघी एकाच वेळी घाबरलो तर बाकीच्यांचं काही खरं नसे. नववीत असताना आम्ही दोघी अशा एकत्र घाबरलो, ती ही हकीकत.

जुन्नरात आमची बेकरी घराच्या मागच्या अंगाला होती. भट्टी आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. थंडीत त्या भिंतीला पाठ लावून मी पाठांतर करायचे आणि पलीकडून पीठ आपटल्याचा धप्प धप्प आवाज यायचा. त्या तालावर मी पाढे म्हटलेत, सनावळ्या म्हटल्यात, दुवाही म्हटलीय. अब्बा माल पोचवायचे. एम-एटीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावून आसपासच्या गावांत पाव आणि खारी, आणि महिन्यातून एकदा एसटीच्या टपावर पोती टाकून पार तळेघरकडच्या वाड्यांवर बटर. तिकडे गाडी क्वचित जायची, म्हणून महिनाभर टिकणारा कडक माल लागायचा. तिकडून येताना ते हातसडीचा तांदूळ आणि नाचणी आणत. नाचणीचं बिस्कीट करायचं फुप्पीनं तीनदा मनावर घेतलं आणि तिन्ही वेळा आमच्या दातांनी हात जोडले.

फुप्पी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. भट्टी तिची. लग्नानंतर चार वर्षांत ती परत आली, ती का आली हे कोणी सांगितलं नाही आणि भट्टीपुढे उभी राहिलेल्या बाईला ते विचारायची कोणाची छातीही नव्हती. चौथी शिकलेली. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचे आडवे डाग, एखाद्या फूटपट्टीवर असावेत तसे. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, पण भट्टीपाशी ती मराठीच बोले, कारण लाकूडवाले, दूधवाले, गिऱ्हाइकं सगळी तिथेच येऊन टेकायची. पाव भाजला की नाही हे ती रंगावरून कधीच ठरवत नसे. फडक्यात धरून उलटा करायची, बुडाला बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान लावायची. पोकळ वाजला तर झाला, ठस्स वाजला तर परत आत. वरून लालबुंद दिसणारे किती पाव तिनं आत ढकललेले मी पाहिलेत. आमच्या घरात ही टिचकी सगळ्यालाच लागू होती. कोणी काही मोठं बोलून गेलं की तो उंबऱ्याबाहेर पडताच फुप्पी म्हणायची, बुडाला वाजवून बघा जरा.

आता हांडे सर. ते आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि आकाश म्हटलं की त्यांचं भान जायचं. पांढरा शर्ट, खिशात लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं, आणि फळ्यावरचं अक्षर असं की पुसायचा जीव होऊ नये. त्या काळात नारायणगावच्या पुढे द्राक्षबागांमधून दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तारेच्या ताटल्या उभ्या राहत होत्या. कोणी म्हणे आता टीव्ही फुकट दिसणार, कोणी म्हणे विमानं उतरणार. सर मात्र दर रविवारी सायकल हाणत जाऊन कुंपणाबाहेरून त्या नुसत्या बघून यायचे. सोमवारी वर्गात आले की त्यांच्या डोळ्यांत सणाची चमक असायची. मी त्यांची लाडकी होते. हसले तरी छडी न मारणारे शाळेतले ते एकटेच. पहिल्या बाकावर मुलींना बसवायची पद्धत त्यांनीच पाडली आणि अब्बांकडे स्वतः येऊन सांगितलं की हिला दहावीनंतर सायन्सला घाला. मला सर म्हणजे अर्धं आकाशच वाटायचे, हे आज लिहिताना लाज वाटत नाही.

एका सोमवारी त्यांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला आणि सांगितलं की सगळं विश्व फुगतं आहे. दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्या आहेत, आणि जी जितकी लांब तिचा वेग तितका जास्त. वर्गाच्या तोंडावर काही उमटेना, तेव्हा त्यांनी पुस्तकातला दाखला दिला. मनुके घातलेला पाव भट्टीत फुगतो तेव्हा प्रत्येक मनुका दुसऱ्यापासून दूर जातो, तसं. एवढं बोलून ते माझ्याकडे बघून हसले, आणि सगळा वर्गही वळून बघायला लागला. बेकरीवाल्यांच्या पोरीला असा मान आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता. मी तरंगत घरी गेले आणि फुप्पीला सांगितलं की मनुके पळतात.

तिनं कणीक मळता मळता सांगितलं, मनुका कशाला पळंल, त्याला काय पाय हाईत? पीठ त्याला घिऊन जातं.

दुसऱ्या दिवशी हे मी सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. पुस्तकात नेमकं हेच लिहिलं होतं म्हणे: दीर्घिका पळत नाहीत, मधली जागाच ताणली जाते. चौथी शिकलेल्या बाईनं हे पीठ मळता मळता सांगावं याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की संध्याकाळी ते बेकरीत हजर झाले. तालुक्यातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन नारायणगावला भरणार होतं. नऊ वर्षं सर तिथे मुलांना घेऊन जात होते, आणि नऊ वर्षांत परीक्षकांनी त्यांच्या टेबलापाशी थांबून एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. यंदा परीक्षक म्हणून ताटल्यांकडच्या एक शास्त्रज्ञ बाई येणार होत्या. सरांनी बटरचा तुकडा चहात बुडवला आणि तो विरघळून तळाला गेला तरी ते बोलतच राहिले. यंदा आपण विश्वाचा पाव न्यायचा, रेश्मा, मापं तू घ्यायचीस, मी तक्ता करणार.

पहिला पाव आम्ही नेहमीच्या सवयीनं पत्र्याच्या डब्यात लावला. आमच्याकडे पाव म्हटला की हात आपोआप डब्याकडे जायचा, आणि त्यातच घोटाळा झाला. अम्मीनं पत्र्यावर वाळवलेले बेदाणे होते, ते मैद्यात घोळून एकेका बोटाच्या अंतरावर ओळीत मांडले, वरून पीठ झाकलं, ओळ कुठे आहे ते कळावं म्हणून दोन्ही टोकांना वर लवंग खोचली. दुपारच्या भट्टीत भाजला, निववला, कापला. बेदाणे जिथल्या तिथे. ओळ एक दोराभरही लांबली नव्हती, पाव फक्त उंच झाला होता. सरांचा चेहरा पडला. मला हसू यायला लागलं. फुप्पी कापलेल्या पावाकडे बघत राहिली आणि मग कपाळावर हात मारून म्हणाली, डब्यात घातल्यावर तो वरच जाणार की. मास्तर, तुमच्या जगाला डबा हाय का?

सर म्हणाले, नाही, जगाला डबा नाही. मला वाटतं तो प्रश्न त्यांनी त्याआधी स्वतःला कधी विचारला नव्हता. मीही पुढे मंचरला पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं, शेकडो पुस्तकं चाळली, पण इतक्या थोडक्या शब्दांत तो कोणी विचारलेला मला आढळला नाही.

मग बिनडब्याचा, हातानं वळलेला गोल पाव लावायचा ठरला. मधोमध एक बेदाणा, त्याच्यापासून एक, दोन, तीन, चार बोटांवर एकेक. हा मात्र फुगला. कापला तेव्हा एक बोटावरचा दीड बोटावर गेला होता, दोनावरचा तीनावर. सर खरोखर नाचले, तेही मैद्याच्या कोठारात, आणि त्यांच्या शर्टाची पाठ पांढऱ्यावर पांढरी झाली. पण तीनावरचा साडेचारवर जायला हवा होता तो सव्वाचारलाच अडला होता, आणि चारावरचा सहाच्या जागी पाचावर. सर म्हणाले, कापताना सरकला असेल. दुसरा लावला. पाच. तिसरा लावला. पाचाला जेमतेम. चार दिवसांत आम्ही असे सहा गोल पाव लावले, आणि गल्लीतली पोरं चार वाजले की दाराशी येऊन विचारू लागली की आज जग किती वाजता निघणार. जगाचे तुकडे चहात बुडवून सगळी गल्ली खात होती. एवढा आनंद आमच्या दारात ईदला सोडून मी पाहिला नव्हता.

सातव्या दिवशी सर तक्ता घेऊन आले. पांढराशुभ्र कार्डपेपर, निळी चौकट, लाल शीर्षक. खाली दोन ओळींत आकडे: एक, दोन, तीन, चार, आणि त्यांच्याखाली दीड, तीन, साडेचार, सहा. मी विचारलं, सर, पाच कुठे गेला. सर म्हणाले की पाच ही आपली चूक आहे, निसर्गाची नाही. पीठ कमीजास्त मळलं गेलं असेल, भट्टी एका बाजूला तापली असेल. जगभरच्या मोठमोठ्या माणसांनी जे ठरवलंय ते जुन्नरच्या भट्टीत बदलणार आहे का?

फुप्पीला राग आला नाही. तिनं फडक्यानं हात पुसले आणि म्हणाली, मास्तर, पाव फुगतो, ह्यात मला काय शंका न्हाई. पण सहा पाव एकच बोलत्यात. त्यास्नी खोटं पाडायचं तर सातवा तरी दाखवा.

सरांनी तक्ता भिंतीला टेकवून ठेवला. मला म्हणाले, रेश्मा, तू सांग, सहा की पाच. मी तोंडावर हात दाबला, पण हसू फुटलंच. ते चेष्टेचं नव्हतं, भीतीचं होतं. सरांना ते कळायला हवं होतं, त्यांनाच तर कळायचं, पण त्या दिवशी नाही कळलं. ते म्हणाले, ठीक आहे, मग तुम्ही दोघी जा नारायणगावला, माझं काम नाही तिथं. सायकलची घंटीसुद्धा न वाजवता गेले. त्या संध्याकाळी मला खारी गोड लागली नाही. सहा म्हटलं की सर परत येणार होते, इतकं ते सोपं होतं. एका बेदाण्यासाठी मी सर गमावत होते. अंथरुणात पडून मी स्वतःला समजावलं की बोटभर फरकानं कोणाचं काय बिघडतं. आणि सकाळी उठून त्याच तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं सहाही पावांची खरी मापं लिहिली. का लिहिली ते आजही नीट सांगता येत नाही. बाजू कोणती दाखवायची ते मात्र ठरवलं नव्हतं.

जीपमध्ये आम्ही अठरा माणसं होतो, ड्रायव्हर धरून. फुप्पीनं सातवा पाव टोपलीत ठेवून टोपली छातीशी धरली होती. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं की पावणं, टोपलीत काय. फुप्पी म्हणाली, जग हाय.

तो म्हणाला, मंग जरा सरकवा तुमचं जग, म्हणजे माणूस बसंल.

सगळी जीप हसली आणि फुप्पी इतकी हसली की टोपली खालीवर व्हायला लागली. मी मात्र तक्ता दोन्ही हातांनी धरून बसले होते. टोमॅटोच्या क्रेटांच्या गाड्यांमधून वाट काढत आम्ही शाळेत पोचलो तेव्हा हॉलमध्ये साबणाच्या फेसाचे ज्वालामुखी धुमसत होते आणि गोबर गॅसचा एक नमुना जरा जास्तच खरा झाल्यामुळे खिडक्या उघडाव्या लागल्या होत्या. मी तक्ता उभा केला. सरांची बाजू पुढे. निळी चौकट लांबूनही दिसत होती.

परीक्षक बाई ठेंगण्या होत्या, कॅनव्हासचे बूट घातलेल्या, आणि प्रत्येक टेबलापाशी भराभर मान हलवत येत होत्या. आमच्यापाशी थांबल्या, तक्ता वाचला, म्हणाल्या, छान, अगदी पुस्तकात आहे तसंच आलंय. आणि वळल्या. तेवढ्यात दारात मला पांढरा शर्ट दिसला. तीन पेनं. सर आले होते. आत येत नव्हते, चौकटीला धरून उभे होते, आणि त्यांची नजर त्या निळ्या चौकटीवर होती. त्यांचा तक्ता पहिल्यांदा कोणी वाचला होता. मला हसू यायला लागलं, आतून, गदगदून, थांबेचना. फुप्पीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिलाही सुटलं. बाई परत वळल्या. मी हसत हसत, डोळ्यांतून पाणी गळत असताना, तक्ता उलटा केला. मागे पेन्सिलीचे आकडे, लोण्याचे डाग, आणि पाच, पाच, पाच.

बाईंनी चष्मा वर सरकवला. मग आधी पावाकडे पाहिलं, मग मला विचारलं की सहा यायला हवे होते, पाचच का. माझं हसू थांबेना, म्हणून फुप्पी बोलली. कड आदी भाजती बाई. भाजली की थांबती. मदलं फुगतच ऱ्हातं.

बाई म्हणाल्या, बरोबर. पण आकाशाला अशी कडच नसेल तर?

फुप्पी म्हणाली, मंग पावाचा दाखला दिऊ नगा.

बाई अशा खळखळून हसल्या की ज्वालामुखीवाली मुलं बघायला आली. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. पंचवीस मिनिटं बसल्या. सुरी मागितली, पाव कापवून घेतला, स्वतः पट्टी लावून मोजलं. पाच. मग एक फोड खाता खाता सांगितलं की आमच्याकडेही असंच आहे. विश्व फुगतं याबद्दल भांडण नाही, पण किती वेगानं, हे एका रीतीनं मोजलं तर एक येतं आणि दुसऱ्या रीतीनं दुसरं. दोघं एकमेकांना म्हणतात तुझी पट्टी चुकली. फुप्पीनं विचारलं की मग तुमी काय करता. त्या म्हणाल्या, परत मोजतो. फुप्पीनं मान डोलावली आणि त्यांना दुसरी फोड दिली.

आजही कधी पेपरात येतं की विश्वाच्या फुगण्याची मापं जुळत नाहीत आणि नव्या दुर्बिणीनंही कोडं सुटलं नाही. लोकांना ती बातमी रूक्ष वाटत असेल. मी मात्र चहा बाजूला ठेवून एकटीच हसते. माझे जावई मला विचारतात की आई, यात हसण्यासारखं काय आहे. त्यांना कुठून सांगू की आमचा पाव अजून भट्टीत आहे.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते गोबर गॅसला गेलं. मी वळून पाहिलं तेव्हा दारात सर नव्हते. परतीच्या जीपमध्ये मी फुप्पीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि या वेळी हसू जराही आलं नाही. तिनं उरलेल्या पावाचा तुकडा माझ्या हातात दिला, तो मी रडत रडत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारची भट्टी पेटली होती. मी भिंतीला पाठ लावून बसले होते, पलीकडून धप्प धप्प येत होतं, आणि मध्येच ते थांबलं. मी उठून गेले. सर उभे होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, एका हातात पोलादी पट्टी आणि दुसऱ्यात गुंडाळलेला कार्डपेपर. तो त्यांनी उलगडून मला दाखवला. कोरा होता. चौकटसुद्धा आखलेली नव्हती. माझ्याकडे न बघता ते फुप्पीला म्हणाले की आज मापं मी घेतो, चालेल का. फुप्पीनं बेदाण्यांची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी स्वतः पाच बेदाणे मांडले, स्वतः लवंगा खोचल्या, आणि लांब दांड्याच्या फावड्यानं पावही स्वतःच आत सारला.

तासाभरानं पाव बाहेर काढला. वरून असा सोनेरी की जीव ओवाळून टाकावा. सरांनी पट्टी उचलली. फुप्पीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, पाव फडक्यात उलटा करून त्यांच्या ओंजळीत दिला, आणि बुडाकडे बोट दाखवलं. सरांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला. परत मारली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, मला काही कळत नाही.

मंग अजून भाजला न्हाई, फुप्पी म्हणाली. बसा.

तिनं पाव परत आत ढकलला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू यायच्या आत तेच हसले. मग मैद्याच्या पोत्यावर टेकले, कोरा कागद मांडीवर घेतला, आणि वाट बघत बसले.